होयबा

आमच्या ह्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'नाही'. लग्न ठरलं तेव्हा मावशीनं माझ्या कानात सांगितलं होतं, मुलगा महापालिकेत बांधकामाचे परवाने देतो, चार लोकांत मान मिळेल. परवाने देतो हे अर्धंच खरं निघालं. श्रेणिक मगदूम परवाने नाकारतात, अशी अख्ख्या सांगलीत त्यांची ख्याती होती. जिना अरुंद आहे? नाही. गच्चीवर खोली? नाही. वरच्या साहेबांचा फोन आलाय? तरीही नाही. घरातही तोच नन्नाचा पाढा. सिनेमाला जाऊया म्हटलं की नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तिकिटं घेऊन दारात उभे. वर म्हणणार, "नाही, मी काय म्हणतो, बघून तर येऊ." म्हणजे होकाराची सुरुवातसुद्धा नाहीनंच. मी शाळेत भूगोल शिकवायचे. स्टाफरूममध्ये ह्यांचे किस्से सांगून मी सगळ्यांना हसवत असे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तो शब्दही गेला आणि बाकीचे शब्दही.

डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी मला समजावलं, की शब्द डोक्यात अगदी नीट तयार होतायत, पण तिथून जिभेकडं आणि हाताकडं जाणारा रस्ता खचलाय. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या वेलांट्या उमटायच्या. अशा माणसांची मानही पुष्कळदा उलटसुलट हलते, असं त्या म्हणाल्या. होय म्हणायचं असतं आणि मान नाही म्हणते. "मगदूमकाकू, मानेवर जाऊ नका. यंत्रावर जा." हे वाक्य मी फार प्रामाणिकपणे पाळलं.

यंत्र म्हणजे 'बोलकी पट्टी'. आता ती घराघरांत दिसते, तेव्हा नवी होती. माणूस एखादा शब्द बोलायचं मनात आणतो, तेव्हा तोंड उघडायच्या आधीच मेंदूत विजेची एक बारीकशी हालचाल होते. प्रत्येक शब्दाची हालचाल वेगळी, आणि प्रत्येक माणसाचीही वेगळी. कानाच्या वर बांधलेली दोन बोटं रुंदीची पट्टी ती हालचाल टिपते, आणि घरातला संगणक ओळखतो की या माणसाच्या डोक्यात ही खूण उमटली म्हणजे त्याला 'पाणी' म्हणायचंय. मग तो त्या माणसाच्याच जुन्या आवाजात मोठ्यानं 'पाणी' म्हणतो. डोक्यातलं काही घराबाहेर जायचं नाही असा कायदा असल्यामुळं सगळं शिक्षण घरच्याच संगणकाला घ्यावं लागतं. आमचा संगणक टीव्हीखाली ठेवलेला, मिठाईच्या खोक्याएवढा. दिवसभरात हे जे बोलायचे ते तो रोज रात्री घोटायचा आणि सकाळी थोडा जास्त शहाणा होऊन उठायचा.

शिकायला त्याला वर्षाहून जास्त लागलं. सुरुवातीला तो पुस्तकी बोलायचा. आमच्याकडं माणूस 'होय' म्हणतो, आणि हा म्हणायचा 'हो'. ह्यांना ते मुळीच खपायचं नाही. पुन्हा पुन्हा मनातल्या मनात 'होय' म्हणून त्यांनी त्या खोक्याला सांगलीचं पाणी पाजलं. ज्या दिवशी त्यातून स्वच्छ 'होय' आलं, त्या दिवशी मी शिरा केला.

बदल कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता यायचं नाही, कारण तो इतका गोड होता. ह्यांना गॅलरीत बसवलं होतं, समोर गुलमोहर फुललेला. ते म्हणाले, "किती छान, हो!"

मी इकडंतिकडं बघितलं. "मला म्हणताय? आता बायकोला अहोजाहो करायला लागलात होय?"

"हो," यंत्र म्हणालं, आणि मी लाजले. या वयात.

यंत्र पुन्हा 'होय'चं 'हो' म्हणायला लागलंय हे माझ्या लक्षात आलं होतं. शिकलेलं विसरलं असेल, म्हणून मी सोडून दिलं. कारण ते 'हो' फार मऊ होतं. भाकरी वाढू का म्हटलं की "हवी". आणखी आमटी? "हवी". आजारानं माणूस निवळला, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं. त्यांचं वजन वाढलं, पायजम्याच्या नाड्या सैल कराव्या लागल्या आणि मला त्याचाही आनंद झाला. घरी पार्सलं यायला लागली. केस काळे करायचं तेल, पोहायचा चष्मा, कुत्र्याला शिस्त लावायचं पुस्तक. आमच्याकडं कुत्रा नाही. फोनवर कुणी काही विकायला आलं की ह्यांनी होकार दिलेला असायचा, आणि मला वाटायचं, जन्मभर नकार दिले, आता हौस भागवून घेतायत.

असा सगळा गोडवा असताना ते चिडायचे मात्र भयंकर. डाव्या मुठीनं खुर्चीचा हात बडवायचे, ताट ढकलून द्यायचे. एकदा यंत्रातून म्हणाले, "यंत्र बिघडलंय." आमच्या अभिनंदननं, म्हणजे मुलानं, बंगळूरहून कंपनीची तपासणी चालवली. पडद्यावर सगळीकडं हिरवी खूण आली. सगळं ठीक.

ऑपरेशनचा विषय अभिनंदननंच काढला. पट्टीच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढी चिप कवटीच्या आत बसवायची. म्हणजे पट्टी घसरायला नको, आंघोळीत काढून ठेवायला नको, माणूस केव्हाही बोलू शकेल. तो सुट्टी काढून आला, वडिलांच्या समोर बसला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. पोरगं वडिलांना फार जीव लावतं.

"मग अण्णा, काय ठरवलंय?"

"मी ऑपरेशन करून घेणार हो!" यंत्रातून ठणठणीत आवाज आला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. ह्यांची मान आडवी हलत होती, पण मानेवर जायचं नव्हतं.

चार दिवसांनी ते म्हणाले, "ऑपरेशन रद्द करा." अभिनंदननं फोनवरून विचारलं, "का अण्णा? घाबरलाय काय?"

"मी घाबरलो हो," यंत्र म्हणालं.

 असला कबुलीजबाब वडिलांकडून अभिनंदननं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. त्यानं त्यांना तासभर धीर दिला, आणि ऑपरेशनची तारीख कायम राहिली.

मला पहिल्यांदा खटकलं ते शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवतो. ह्यांनी हा नेम दवाखान्यातही मोडला नव्हता. शेजारीण अंधार पडल्यावर आइस्क्रीम घेऊन आली. "काकांना चालतं?" मी नको म्हणणार एवढ्यात यंत्र म्हणालं, "हवं." मी चकित झाले, पण आजारी माणसाला सगळं माफ असतं, म्हणून चमचा त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी दात गच्च आवळले. आइस्क्रीम हनुवटीवरून ओघळलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तोंड पुसलं, पण रात्रभर ते दात माझ्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलं, तेव्हा हॉस्पिटलातून प्रश्नावलीचा फोन आला. फोनवर माणूस नव्हता, नोंदवून ठेवलेला एका बाईचा गोड आवाज होता. पेशंटनं स्वतः उत्तरं द्यायची. मी फोन ह्यांच्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात भेंडी चिरायला बसले.

"मधुमेह आहे का?"

"हो."

मी कान टवकारले. ह्यांना मधुमेह नाही.

"दारूचं व्यसन आहे का?"

"हो."

मला हसू फुटलं. हा माणूस कांदासुद्धा खात नाही.

"आपण गरोदर आहात का?"

"हो."

"धन्यवाद. बाळंतपणाची संभाव्य तारीख सांगा."

मी हसत हसतच बाहेर आले. आणि त्यांच्याकडं बघितलं. ते हसत नव्हते. मान जोरजोरात आडवी हलत होती आणि डाव्या मुठीची सालं निघाली होती. मी फोन बंद केला. हातातली सुरी तशीच होती, ती खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"अहो, सूर्य पश्चिमेला उगवतो का?"

"हो," यंत्र म्हणालं. मान आडवी हलली.

"कृष्णा सांगलीतून वाहते का?"

"होय." मान उभी हलली.

"श्रीलंका हिमालयात आहे का?"

"हो." मान आडवी.

मी प्रश्न विचारत गेले. वर्गातल्या ढ मुलाला विचारावेत असे सोपे प्रश्न. मान एकदाही चुकली नाही. चुकत होतं ते यंत्र, आणि तेही फक्त एका बाजूनं.

"नुसतं 'नाही' म्हणा बघू."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर फुगली.

"हो," यंत्र म्हणालं. "हो. हो. हो."

 हा माणूस कित्येक महिने माझ्यासमोर बसून नाही म्हणून ओरडत होता आणि मी त्याला आणखी एक भाकरी वाढत होते.

"थांबा," मी म्हटलं. "तो शब्द सोडा. आपण दुसरे घेऊ. होय म्हणायचं असलं तर 'आंबा' म्हणा. नाही म्हणायचं असलं तर 'फणस'. कळलं?"

"आंबा."

"ऑपरेशन करून घ्यायचंय?"

"फणस," ते म्हणाले. "फणस फणस फणस."

आम्ही दोघंही रडायला लागलो. मग मला आणखी एक गोष्ट विचारायची होती. उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं होतं, सारखी तुमच्या मागं मागं असते, कंटाळा येत असेल ना माझा? आणि यंत्र "हो" म्हणालं होतं. मी कुणाला बोलले नव्हते. त्यानंतर मी त्यांच्याजवळ कमी बसायला लागले होते एवढंच.

"माझा कंटाळा येतो?"

"फणस," ते म्हणाले, आणि डावा हात माझ्याकडं पसरला. माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्यानं फणस म्हटल्यावर बायकोला एवढा आनंद झाल्याचं मी तरी कुठं ऐकलेलं नाही.

अभिनंदनला फोन केला तर तो म्हणाला, "आई, फणस काय? ऐनवेळी भीती वाटते सगळ्यांना. तारीख सोडली तर पुन्हा कधी मिळेल? आणि तपासणीत सगळं हिरवं आलंय."

"तू येऊन बघ."

"उद्या सकाळी निघतो. पण काही रद्द करू नकोस, एवढं ऐक माझं."

मी मिरजेच्या नसरीन बागवानला फोन केला. नसरीन माझी विद्यार्थिनी. नकाशात श्रीलंका काढायची हटकून विसरायची. आता घरगुती संगणकांतली कीड काढण्यात तिचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटरवरून आली, ह्यांना "सलाम काका" म्हणाली आणि आधी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीची वायर ओढून काढली.

"बाई, पहिलं काम हे. आत कोण असंल तर त्याची बाहेरची ये-जा बंद."

"पण कंपनीची तपासणी तर बरोबर येतीय."

"कीड आत बसलीय आणि तुम्ही तिलाच विचारताय, कीड हाय काय म्हणून. ती सांगंल होय?"

तिनं खिशातून अंगठ्याएवढी एक डबी काढली, संगणकाला लावली आणि संगणक तिच्यावरून सुरू केला. मला समजावून सांगितलं, की असं केलं की संगणकातलं स्वतःचं काहीच जागं होत नाही. कीडही झोपलेलीच राहते, आणि झोपलेल्या घराची झडती घेता येते. ह्यांचं बोलणं तेवढं तिनं त्या डबीवरून चालू ठेवलं होतं. झडतीला बराच वेळ लागला. मी पोहे केले. ह्यांनी आंबा म्हटल्यावर त्यांना दिले, फणस म्हटल्यावर थांबले. कित्येक महिन्यांनी त्यांनी पोटाला हवं तेवढंच खाल्लं.

"सापडली," नसरीन म्हणाली. "ह्याला आम्ही लोक होयबा म्हणतो."

होयबाचं काम एवढंच. यंत्रानं वाक्य तयार केलं की ते बोलून दाखवायच्या आत मध्येच बसून तो एक शब्द बदलतो. 'नाही'च्या जागी 'हो', 'नको'च्या जागी 'हवं'. हल्ली फोनवर तोंडी होकार दिला की खरेदी पक्की होते, म्हणून कुणीतरी लबाडानं तो सोडलेला. पार्सलं त्याचीच.

"बाकीच्या भाषांत लोकांनी आठवड्यात पकडला ह्याला," नसरीन म्हणाली. "तिथं वाक्यच मोडायचं की हो. आपल्या मराठीत 'हो' कुठंबी बसतं. 'मी येणार नाही'चं 'मी येणार हो' झालं, तर माणसाला वाटतं, किती आपुलकीनं बोलतोय."

मला एकेक वाक्य आठवायला लागलं. करून घेणार हो. घाबरलो हो. किती छान, नाही? आणि मी लाजले होते त्यावर!

"पण हा शिरला कुठनं?"

नसरीननं ह्यांच्याकडं तिरकं बघितलं. "सुरक्षेची सुधारणा करू का, असं यंत्र दर महिन्याला विचारायचं. होयबा शिरला आणि त्यानं ते विचारणंच बंद केलं. त्याआधी काकांनी काय सांगितलंय बघा." पडद्यावर ओळीनं उत्तरं होती. नाही. नाही. चाललंय तसं चालू दे. नाही.

"श्रेणिक मगदूम!" मी म्हटलं. "तुमच्याच नाहीनं तुमचा नाही खाल्ला!"

"आंबा," ते म्हणाले, अगदी हळू आवाजात.

"बाई, फोनवर म्हणालात ते ऑपरेशन कसलं आहे?" नसरीननं सहज विचारलं. मी चिपबद्दल सांगितलं. घरच्या संगणकानं जे शिकलंय ते सगळं तसंच्या तसं चिपमध्ये भरणार, म्हणजे पुन्हा शिकवायला नको. नसरीनचा हात कळफलकावरच थांबला.

"मग हा पण आत गेला असता. पट्टी काढून ठेवता येती, बाई. कवटीतनं कोण काढणार?"

मी ह्यांच्याकडं वळले. "तुम्हाला कळलं होतं हे? म्हणून रद्द करा म्हणत होता?"

"आंबा."

 मी त्यांच्या पट्टीवरून हात फिरवला.

कीड काढायला फार वेळ लागला नाही, पण नसरीनचा चेहरा उतरलेलाच होता. खरी अडचण पुढं होती. यंत्र रोज रात्री दिवसभराचं बोलणं घोटतं. ह्यांच्या डोक्यात 'नाही'ची खूण उमटायची आणि तिच्यासमोर 'हो' लिहिलं जायचं. कित्येक महिने ते हा खोटा धडा गिरवत होतं. होयबा गेला तरी त्याची सवय मागं राहणार.

"पाटी कोरी करणं सगळ्यात सुरक्षित," ती म्हणाली. "पण मग काकांना सगळं पहिल्यापासनं शिकवायला लागणार."

सुरुवातीचं वर्ष माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या, झटक्यानंतर मेंदू यंत्राला जितक्या लवकर शिकवतो तितकं बरं, पुढं पुढं ते जमेलच असं नाही. म्हणजे एकतर हा माणूस बोलायचाच थांबणार, नाहीतर खोटं बोलत राहणार. ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"खोटं तेवढं वेचून काढता येत नाही?" मी विचारलं.

"कसं वेचणार? खरा होकार पण त्यातच मिसळलाय. काका खरंच होय म्हणाले असतील, ते कुठलं आणि होयबाचं कुठलं, हे मला कसं कळणार?"

"काय म्हणालीस?"

"कसं कळणार म्हटलं."

"नाही, त्याच्या आधी. होय म्हणालीस." मी उठून उभी राहिले. "नसरीन, हे जन्मात कधी 'हो' म्हणत नाहीत. 'होय' म्हणतात. यंत्राला त्यांनी भांडून 'होय' शिकवलंय. काल कृष्णा सांगलीतून वाहते का विचारलं तर 'होय' आलं आणि सूर्य पश्चिमेला उगवतो का तर 'हो' आलं!"

नसरीन पडद्याकडं वळली.  थोड्या वेळानं तिनं खुर्ची मागं ढकलली आणि मोठ्यानं हसली. होयबा बनवणारा सांगलीचा नव्हता. त्यानं मराठीचा होकार पुस्तकातून उचलला होता. आत जितके 'हो' होते ते सगळे त्याचे, आणि जितके 'होय' होते ते सगळे ह्यांचे. 'हवं'चंही तसंच निघालं. ह्यांना काही हवं असलं की ते 'पाहिजे' म्हणतात.

"पण बाई, एखादा धागा राहू शकतो आत. कोरी पाटी जास्त पक्की. हे काकांनीच ठरवायला पाहिजे."

मी ह्यांना दोन्ही बाजू नीट सांगितल्या. घाई केली नाही. "वेचून काढू दे?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "आंबा."

नसरीननं वेचायला घेतलं. दुपारी तिनं संगणक त्याच्या स्वतःच्या पायावर पुन्हा सुरू केला, आधी थकलेल्या सगळ्या सुधारणा भरल्या, ह्यांच्याकडं बघत बघत, आणि मग मला म्हणाली, "विचारा."

"सूर्य पश्चिमेला उगवतो का?"

यंत्र गप्प. मान आडवी हलली, पण आवाज नाही. मी घाबरले.

"असू दे," नसरीन म्हणाली. "खोटं पुसलंय, खरं अजून लिहिलेलं नाही. ती जागा रिकामी आहे. काका, मनात म्हणत राहा. बाई, तुम्ही विचारत राहा, उत्तर मी लिहिते."

मग आमची तासिका सुरू झाली. नाईल भारतात आहे का? गोवा वाळवंटात आहे का? मी तुमची आत्या आहे का? दहा भाकऱ्या वाढू का? ह्यांच्या कपाळावर घाम आला, मी तो पुसत होते आणि विचारत होते. यंत्र गप्पच. नसरीननंही, मी सांगितलेली ती प्रश्नावली आठवून, मध्येच तोंड घातलं, "काका, तुम्ही गरोदर आहात का?"

"नाही!"

इतका मोठा, इतका खणखणीत, इतका चिडका. महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू जायचा तसा. आम्ही तिघंही दचकलो. मग मी जी हसायला लागले ते हसू थांबेचना, आणि मध्येच कधीतरी त्याचं रडू झालं. ते मात्र थांबायला तयार नव्हते. मुरलेला गवई समेवर यावा तसे पुन्हा पुन्हा तिथंच येत होते. "नाही. नाही. नाही, मी काय म्हणतो, भाकरी नको. तेल नको. नाही."

"चहा?" मी विचारलं.

"पाहिजे."

संध्याकाळी, जेवणाच्या थोडं आधी अभिनंदन आला. बंगळूरपासून गाडी चालवत आलेला, चेहरा ओढलेला. नसरीननं त्याला सगळं सांगितलं, पडद्यावर दाखवलं. तो ऐकत होता, पण मला कळत होतं की त्याचा अजून विश्वास बसत नाहीये. इतके दिवस हिरव्या खुणेवर विश्वास ठेवला, आता या पडद्यावर कसा ठेवायचा? त्यानं जाऊन वडिलांची पट्टी हळूच काढली आणि मांडीवर ठेवली.

"अण्णा, ऑपरेशन पाहिजे?"

मान आडवी हलली. सावकाश, एकदाच.

त्यानं पट्टी पुन्हा बांधली. "आता सांगा."

"नाही," यंत्र म्हणालं. "काढून ठेवता येतं तेच बरं."

अभिनंदन खाली जमिनीवर बसला. त्याच्या डोक्यात मागचे सगळे महिने फिरत असणार. तो तासभराचा धीर, त्या टाळ्या. त्यानं त्याच खोलीतून हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन रद्द केलं. फोन ठेवला आणि वडिलांकडं बघायचं टाळत म्हणाला, "अण्णा, माझ्यावर रागावलात?"

यंत्रातून उत्तर आलं. 

"होय."

अभिनंदननं धसकून नसरीनकडं बघितलं. "हे... हे अजून राहिलंय काय आत?"

नसरीन पिशवी भरत होती. तिनं पडद्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "नाही दादा. हे काकांचंच आहे. खरंच रागावलेत ते."

मी तोंडाला पदर लावला. इतक्या महिन्यांत घरात कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. अभिनंदनही आधी हसला आणि मग त्याचे डोळे भरले. नसरीननं पोह्यांची रिकामी ताटली आत नेऊन ठेवली आणि मला खुणेनंच सांगितलं, मी निघते.

"माझं ऐकून का घेतलं नाहीस?" ह्यांच्या आवाजात यंत्र म्हणालं. "मान हलवत होतो मी. बघत होतास तू."

अभिनंदननं काहीच सफाई दिली नाही. डॉक्टर काय म्हणाल्या, तपासणीत काय आलं, यातलं एक अक्षर बोलला नाही. वडिलांच्या डाव्या हाताची सालं निघालेली मूठ त्यानं हातात घेतली आणि म्हणाला, "बोला अण्णा. मी बसलोय."

ते बोलायला लागले. बाहेर सूर्य मावळायला टेकला होता, पानं वाढायची वेळ निघून चालली होती, पण मी कुणालाही हाक मारली नाही.